केगचा सिलिंडर आडवा का ठेवू नये

अमेरिकेत घरी बिअर बनवणारे हौशी लोक केगसाठी, म्हणजे बिअरच्या पिंपासाठी, जुना फ्रिज घेतात. त्यात दोन केग बसले की बिअरला दाब देणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला उभी जागा उरत नाही. मग तो कॉम्प्रेसरच्या उंचवट्यावर आडवा टाकतात. हटकलं की उत्तर तयार असतं, "आत गॅसच आहे ना? उभा काय, आडवा काय!"

आत नुसता गॅस नसतो! भरलेल्या सिलिंडरमध्ये बहुतेक कार्बन डायऑक्साइड द्रवरूप असतो, वायू फक्त वरच्या थोड्या जागेत. सिलिंडर उभा असला की व्हॉल्व्हमधून तो वायू निघतो. आडवा केला की द्रवच व्हॉल्व्हपाशी येतो. दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये शिरताच तो उकळतो, काही भाग गोठून कोरडा बर्फ होतो. बिअरला 10-12 पीएसआय दाब पुरतो. त्या बेताने लावलेला रेग्युलेटर बर्फाने अडकला, तर केगकडे किती दाब जाईल याचा भरवसा नाही.

"माझा कधीपासून आडवाच आहे, काही झालं नाही," हेही नेहमीचंच. अर्ध्याहून जास्त संपलेल्या सिलिंडरमध्ये द्रव व्हॉल्व्हच्या खाली राहतो, म्हणून निभावतं. भरून आणल्यावर निभावणार नाही. सिलिंडर फ्रिजबाहेर उभा ठेवा, भिंतीला पट्ट्याने बांधा आणि नळी आत न्या. भोक पाडण्याआधी फ्रिजच्या भिंतीतल्या शीतक नळ्या कुठून जातात ते मात्र पाहा.

सिलिंडर फ्रिजमध्येच उभा ठेवल्यावर दाबमापकाचा काटा उतरला, म्हणजे गळती झाली असं नाही. 21 अंश सेल्सिअसला सुमारे 840 पीएसआय दाखवणारा काटा 4 अंशांना 550 च्या आसपास येतो. द्रव संपेपर्यंत काट्यावरून शिल्लक कळतच नाही. वजन करा आणि खांद्यावर 'टीडब्ल्यू'पुढे कोरलेलं रिकाम्या सिलिंडरचं वजन वजा करा.

भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत ठेवू नका. दाब झपाट्याने चढतो आणि सुरक्षा-चकती फुटून सगळा वायू गाडीत सुटू शकतो.

"घरात गळती झाली तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे," हे समाधान तर अगदीच खोटं. तो अलार्म कार्बन डायऑक्साइड ओळखतच नाही. पाच पौंडांचा सिलिंडर तीन मीटर लांब-रुंद, अडीच मीटर उंच बंद खोलीत पूर्ण गळला, तर हवेत सुमारे 5 टक्के कार्बन डायऑक्साइड होतो. अमेरिकेतली 'नायॉश' ही संस्था 4 टक्क्यांनाच जिवाला तत्काळ धोका मानते. हा वायू हवेहून जड असतो. तळघरात सिलिंडर असेल, तर कार्बन डायऑक्साइडचाच वेगळा मॉनिटर घ्या आणि तो जमिनीजवळ लावा.