परक्या शहरातील पहिला हिवाळा

दरवर्षी पावसाळा ओसरू लागला की माझ्या दवाखान्यात एक निराळीच वर्दळ सुरू होते. ज्यांना मी बाळपणीच्या लसी टोचल्या, ज्यांच्या गोवर-कांजिण्या पाहिल्या, ती मुले आता माझ्याहून उंच होऊन, हातात परदेशी विद्यापीठाचा आरोग्य-तपासणीचा अर्ज घेऊन समोर उभी राहतात. कुणी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला वा जॉर्जियाला, कुणी अभियांत्रिकीसाठी जर्मनीला वा कॅनडाला निघालेले असते. सिल्वासा येथे २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी जागा मोजक्या आणि इच्छुक अनेक, त्यामुळे हा ओघ थांबलेला नाही. पालकांचे प्रश्न शुल्क, व्हिसा आणि वसतिगृह यांविषयी असतात. आपल्या मुलाचे शरीर व मन त्या परक्या शहरात कसे रुजेल, हे क्वचितच कुणी विचारते. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

या विषयाचा विचार करताना आपणा मराठी डॉक्टरांना डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पहिल्या स्त्री-डॉक्टर म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु परदेशात शिकणारी एक विद्यार्थिनी म्हणून त्यांच्याकडे फारसे पाहत नाही. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्या बोटीने निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते आणि सोबत घरचे एकही माणूस नव्हते. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी गेल्या. या बाईंनी एका मिशनरी मासिकातील पत्रव्यवहार वाचून आनंदीबाईंशी आपणहून पत्रमैत्री जोडली होती. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत. उन्हाळ्याचे महिने त्या घरात काढून मगच त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तेथील अधिष्ठात्या डॉ. रेचेल बॉडली यांनीही त्यांना आधार दिला.

स्वतःचे घर आणि परके शहर यांच्यामध्ये असे एक विसाव्याचे घर त्यांना लाभले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आजची आपली मुले मात्र विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी वर्गात बसतात.

थंडी, सूर्य आणि ताट

आपले सिल्वासा विषुववृत्तापासून सुमारे २० अंश उत्तरेस आहे. फिलाडेल्फिया सुमारे ४० अंशांवर, तर मॉस्को ५५ अंशांच्याही पुढे. हा केवळ तापमानाचा फरक नाही. उत्तरेकडील हिवाळ्यात सूर्यकिरण इतके तिरके पडतात की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याइतके अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. सावळ्या त्वचेला मुळातच अधिक ऊन लागते. त्यात आपला विद्यार्थी शाकाहारी असेल, तर ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव अनेकदा तो येथूनच बरोबर घेऊन जातो.

आनंदीबाईंपुढे याहून कठीण पेच होता. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले होते. त्यामुळे आहार शाकाहारी आणि वेष साडीचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात; म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. आपण तर गुजरातच्या कुशीतच राहतो. हा बदल वरकरणी लहान वाटला, तरी त्या काळातील ब्राह्मण घरच्या सुनेला तो सोपा नव्हता, हे आपल्याला सहज उमगेल. त्यांच्या खोलीतील शेगडी धुरकट होती. विस्तव पेटवावा तर धूर, विझवावा तर थंडी, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या मायदेशी परतल्या, त्या क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवून दिला होता. परंतु त्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला आणखी सहा दशके लागायची होती.

'सगळे ठीक आहे'

आज औषधे आहेत. तरीही एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी, मी जन्मापासून ओळखत असलेला एक मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी पूर्व युरोपातील एका शहरी गेला. त्याच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करण्यास मला दोन मिनिटे लागली. 'लहानपणापासून पाहतोय याला,' असे मी त्याच्या वडिलांना हसत म्हणालोही. दुसऱ्या हिवाळ्यानंतर तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याचे वजन ९ किलोंनी घटले होते. दोन-अडीच महिने खोकला होता. क्ष-किरण तपासणी व थुंकीचा अहवाल यांत क्षयाचे निदान झाले.

दर रविवारी तो आईशी भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवून बोलत असे. तो भिंतीला टेकून बसे, खोलीतला दिवा मंद ठेवी आणि 'सगळे ठीक आहे' असे सांगे. का सांगितले नाहीस, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, बाबांनी घर गहाण ठेवून पाठवलंय. आजारी पडलो, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

सहा महिन्यांच्या उपचाराने तो बरा झाला, पुन्हा गेला आणि शिक्षण पूर्ण करून आला. मला मात्र माझी ती दोन मिनिटे आजही बोचतात.

क्षयाचा जंतू आपल्याकडील असंख्य लोकांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो. स्थलांतरानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो डोके वर काढण्याचा धोका अधिक असतो. अपुरा आहार, जागरणे आणि दाटीवाटीचे वास्तव्य त्याच्या पथ्यावरच पडतात.

मनाचे ऋतू

परक्या समाजात गेल्यावर होणाऱ्या मानसिक उलथापालथीचे वर्णन मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० साली 'सांस्कृतिक धक्का' या संज्ञेखाली केले. प्रथम सारे नवे व मोहक वाटते. मग चीड, एकटेपणा आणि घरची ओढ दाटून येते. हळूहळू वाटा कळू लागतात आणि अखेरीस माणूस तेथे स्थिरावतो. प्रत्येकजण याच क्रमाने जातो असे नाही. परंतु दुसरा टप्पा येऊ शकतो, तो दुबळेपणा नव्हे आणि तो ओसरतो, एवढे जरी मुलाला आधी ठाऊक असले तरी त्याचे निम्मे ओझे उतरते.

यावर भाषा हा एक उत्तम उपाय आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा आणि त्यानंतर तेथेच १२ महिन्यांची आंतरवासिता व्हावी लागते. पण खाटेवरचा रुग्ण इंग्रजी बोलत नाही; तो रशियन वा जॉर्जियनमध्येच कण्हतो. आपली मुले मात्र या बाबतीत भाग्यवान आहेत. घरी मराठी, बाजारात गुजराती, शाळेत हिंदी आणि शेजारी वारली ऐकत ती वाढतात. ज्याने चार भाषा खेळता खेळता उचलल्या, त्याला पाचवी जड जाऊ नये.

सोबतीचेही तसेच आहे. ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आपापल्या देशी वेषात शेजारी बसल्या आहेत. तिघी तीन देशांच्या, परंतु परकेपणात समान. आपल्या मुलांनीही केवळ भारतीय मुलांच्या खोलीत न रमता असे सोबती जोडावेत.

निघण्यापूर्वी

या अनुभवानंतर मी निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी अर्धा तास राखून ठेवतो. गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन मात्रा, कांजिण्या, कावीळ-ब, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी मेनिंगोकॉकल लस, यांची नोंद तपासतो. हिमोग्लोबिन, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि छातीचा क्ष-किरण पाहतो. आपल्या प्रदेशातील वारली, कोकणा, धोडिया या समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. म्हणून ती तपासणी मी आवर्जून करतो. वाहकाला सहसा त्रास होत नाही. परंतु प्रत्यक्ष रुग्णाला कडाक्याची थंडी, पाण्याची कमतरता आणि जंतुसंसर्ग यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याने शहर निवडतानाच याचा विचार करायला हवा. वरण-भात, खिचडी, उसळ आणि अंडी एवढा स्वयंपाक मुलांनाही येतो ना, हेही विचारतो.

शेवटी पालकांना बाहेर बसवून मुलाशी एकांतात बोलतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, उलटलेली झोप, वर्गात जाण्याचा कंटाळा, जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर घरी सांगता आले नाही तरी मला सांग, असे म्हणून माझा क्रमांक देतो. मग पालकांना आत बोलावतो आणि मुलाच्या देखत त्यांच्याकडून एक वाक्य वदवून घेतो : 'जमले नाही तर परत ये, पैशाचे आम्ही पाहू.' हे वाक्य उच्चारताना अनेक वडिलांचा कंठ दाटतो. मुले ते ऐकतात आणि बहुधा परत न येता तेथे टिकतात.

आपल्या मंडळातील प्रत्येक डॉक्टरकडे असे दाखले सहीसाठी येत असतील. सही करण्यापूर्वी ती खुर्ची जरा पुढे ओढावी, एवढीच माझी नम्र विनंती आहे. आनंदीबाईंना रोझेलमध्ये एक मावशी भेटली होती. सिल्वासाच्या मुलांना निघताना येथेच एखादा काका भेटायला हरकत नाही.