वेळासच्या एका घराचा दिवस

पहाटे ४.३०. मागच्या अंगणात बंब पेटलाय. ओसरीवर पुण्या-मुंबईची पाहुणे मंडळी गाद्या टाकून झोपली आहेत, त्यांना जागं करण्याआधी काकूंना घावन्यांचं पीठ भिजवून ठेवायचंय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात मार्च म्हणजे कासवांच्या पिल्लांचा हंगाम. त्या दिवसांत अशी कितीतरी घरं पाहुण्यांसाठी उघडी असतात.

याच सुमारास कासवमित्र वाळूवर मादीचा माग शोधत फिरत असतात. ऑलिव्ह रिडले मादी रात्री येते, खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि मागे वळूनही न पाहता परतते. ती अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. पूर्वी हीच अंडी खाल्ली जायची, विकली जायची. भाऊ काटदरे यांच्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये संरक्षणाचं काम हाती घेतलं आणि २००६ पासून गावाच्या साथीने कासव महोत्सव सुरू झाला.

६.३०. चहा झाला. निघता निघता एका मुलीने विचारलं, "काकू, आज दिसतील ना?"

"निघाली तर दिसतील गो. नाहीतर संध्याकाळी परत जा."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. किनाऱ्यावर पुरलेल्या अंड्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या उचलल्या जातात. कधी खाली पिल्लांची झुंबड असते, कधी नुसती वाळू. ज्या गोष्टीसाठी माणसं एवढ्या लांबून येतात, तिचीच खात्री गाव देत नाही. तरी माणसं येतात आणि पुन्हा येतात. त्याचं कारण मला किनाऱ्यापेक्षा या स्वयंपाकघरात सापडलं.

८.३०. मंडळी परतली. टोपलीखाली काहीच नव्हतं, मुलगी हिरमुसली होती. काकूंनी तिला चुलीपाशी बसवून घावना उलटायला दिला. पहिला फाटला, दुसरा जमला. तोवर तिची आई ओल्या नारळाची चटणी वाटायला बसली होती.

दुपारी एक. कुयरीची भाजी, आमटी, भात, सोलकढी आणि उकडीचे मोदक. वाढताना काकू प्रत्येकाला गाव विचारतात, आणि दोघांचं कुणीतरी ओळखीचं निघतंच.

जेवणानंतरची घटका काकूंची स्वतःची. बाकीचे झोपाळ्यावर, नाहीतर वाडीत पोफळींच्या सावलीला. काकांना कुणी नाना फडणवीसांबद्दल विचारलं की त्यांची झोप उडते. हे नानांचं मूळ गाव!

४.३०. पुन्हा किनारा, या वेळी काकांबरोबर. वाटेत त्यांनी सांगितलं की इथे किनाऱ्यालगत झगमगीत हॉटेलं नसणं कासवांच्या फायद्याचं आहे. पिल्लू अंधारात उजळ क्षितिजाकडे धावतं. दिव्यांची रांग समुद्रापेक्षा उजळ दिसली तर ते उलट जमिनीकडे वळतं. पर्यटन घराघरांत राहिलं म्हणून किनारा काळोखा राहिला, आणि पैसाही काकूंच्या हाती आला. कोकणातल्या ज्या गावांना किनाऱ्यावर बांधकामांची घाई झाली आहे, त्यांनी एकदा इथे मुक्कामाला यावं असं मला मनापासून वाटतं.

सहा वाजता पिल्लं निघाली. दोरीमागे सगळे श्वास रोखून उभे. तळहाताहून लहान जीव, लाटेने मागे फेकला तरी पुन्हा पुढे सरकणारा. २०२२ च्या जानेवारीत इथल्याच एका मादीला उपग्रह टॅग लावून 'प्रथमा' नाव दिलं होतं, हे काका घरातल्या लेकीबद्दल बोलावं तसं सांगत होते.

रात्री आठला पिठलं-भाकरी, आणि पंगतीभर त्या मुलीचीच बडबड. साडेनवाला फोन वाजला. पुढच्या शनिवारसाठी मुंबईहून कुणीतरी विचारत होतं, पिल्लं नक्की दिसतील का.

"तसं कुणी सांगू शकत नाही हो," काकू म्हणाल्या. "पण या तुम्ही. हरिहरेश्वरकडून येणार असाल तर बागमांडल्याला फेरीबोट धरा, वेसवीला उतरा. लहान मुलं आहेत का बरोबर? मग आमटी कमी तिखट करते."