अंघोळ पटकन उरकली, एवढंच म्हणा!

रात्री साडेबारा वाजता तुम्ही कधी रागारागात ग्रुप सोडलाय? मी सोडलाय. एकीच्या स्टेटसला सिंहगडावरचा फोटो दिसला. आमच्यातल्या चौघी, हातात भज्यांची प्लेट, मागे धुकं. मला कुणी विचारलंही नव्हतं. पुढच्या दहा मिनिटांत डोक्यात अख्खी वेब सिरीज तयार! यांनी मला टाळलं, मुद्दाम टाळलं, गेल्या महिन्यापासूनच टाळतायत. मग थेट ग्रुपमधून बाहेर. तीन वर्षांची मैत्री आणि निकाल दहा मिनिटांत.

आता या भांडणात एका जुन्या माणसाला आणते. एपिक्टेटस. सुमारे इ.स. 50 मध्ये, आजच्या तुर्कस्तानात जन्मलेला. गुलाम होता, पायानं अधू होता. पुढे सुटका झाली, शिकवायला लागला. सम्राट डोमिशियननं तत्त्वज्ञांना हाकलल्यावर त्यानं ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा काढली. त्याचं बोलणं आपल्यापर्यंत आलं ते अ‍ॅरियन या विद्यार्थ्यामुळे. त्यानं ते लिहून ठेवलं. (नोट्स काढणाऱ्या मित्राला जपा, एवढंच सांगते.)

तर एपिक्टेटसचं म्हणणं असं : कुणी अंघोळ पटकन उरकली, तर ‘वाईट केली’ म्हणू नका, ‘पटकन केली’ म्हणा. कुणी खूप दारू प्यायला, तर ‘खूप प्यायला’ इथेच थांबा. त्यानं तसं का केलं हेच माहीत नसेल, तर वाईट केलं हे कशावरून ठरवलंत?

वाचताना मला हसू आलं. मग फोटो आठवला.

स्टोइक लोक यात दोन टप्पे करतात. आधी मनावर एक ठसा उमटतो, मग आपण त्यावर ‘हो, खरंय’ अशी सही करतो. ठसा आपल्या हातात नाही, सही आहे. आपली गडबड अशी, की दोन्ही एकदमच होतं.

याचा एक भन्नाट किस्सा ऑलस गेलियस या रोमन लेखकानं नोंदवलाय. तो जहाजातून ब्रुंडिसियमला, म्हणजे इटलीतल्या आजच्या ब्रिंडिसीला निघाला होता. रात्रभर वादळ. जहाजात पाणी. सोबत एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता. गेलियस त्याच्याकडेच बघत राहिला, हा तरी शांत असेल म्हणून. तर तोही पांढराफटक! वादळ ओसरल्यावर एका श्रीमंत प्रवाशानं त्याची खिल्लीच उडवली. पुढे किनारा जवळ आल्यावर गेलियसनं नीट, आदरानं कारण विचारलं. त्यानं पिशवीतून एपिक्टेटसचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात होतं, की शहाणा माणूसही अचानक आवाज झाला की दचकतो, त्याचाही रंग उडतो. फरक एवढाच, की तो त्या भीतीवर सही करत नाही.

मला हे फार आवडलं. म्हणजे छातीत धडधडलं, डोळे भरून आले, तरी तुम्ही नापास नाही. रीलवरचे दगडी चेहऱ्याचे ‘स्टोइक’ भाऊ हे कधी सांगत नाहीत.

पण एक भांडण आहे. एपिक्टेटस पुढे असंही म्हणतो, की आपल्याला घटना त्रास देत नाहीत, त्यांच्याबद्दलची आपली मतं देतात. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं विसाव्या शतकात आपली उपचारपद्धती उभी करताना याच विचाराचा आधार घेतला. तरीही मला हे सरसकट पटत नाही. हॉस्टेलवर कुणी रॅगिंग करत असेल, तर तिथे ‘माझंच मत बदलते’ म्हणून बसायचं नाही, सरळ तक्रार करायची. निकाल थांबवायचा तो पुरावा येईपर्यंत. पुरावा समोर असताना डोळे मिटायचे, असं नाही.

माझ्याकडे पुरावा काय होता? एक फोटो. त्यात चार मुली आणि भजी. बाकीची स्टोरी माझी.

परवा, तब्बल दोन महिन्यांनी, त्यातल्या एकीला मेसेज टाकला : ‘गडावर गेला होतात तेव्हा मला का नाही विचारलं गं?’ पाठवताना हात गार पडले होते. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही. ‘बघूनही सोडून दिलं’ असं आईला सांगणार होते, तोंडापर्यंत आलं होतं.

सध्या एवढंच म्हणते : तिनं मेसेज वाचलाय.