खर्चाचा पाया कागदावर

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ या म्हणीचा अर्थ, ज्यांनीं स्वतःचें घर बांधलें आहे, त्यांना समजावून सांगावयास नको. खर्च अंदाजाबाहेर गेला कीं आपण महागाईला, मक्तेदाराला आणि अखेर नशिबाला बोल लावतों. परंतु पुष्कळदां या वाढीचें मूळ पायाच्या खड्ड्यांत नसून नकाशाच्या कागदांत असतें. दोन जगद्विख्यात इमारतींच्या हकीकती हेंच सांगतात.

पहिली इमारत न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग. १०२ मजल्यांच्या या इमारतीचें काम मार्च १९३० मध्यें सुरूं झालें आणि १ मे १९३१ रोजीं तिचें उद्घाटन झालें. जमिनीसह अंदाज सुमारें ५ कोटि डॉलरांचा होता. प्रत्यक्ष खर्च सुमारें ४ कोटि १० लाख झाला. मंदीमुळें माल व मजुरी स्वस्त झाली होती, हें खरेंच. पण तेवढेंच कारण नव्हे. आराखडा तयार होत असतांनाच बांधणारे मक्तेदार शिल्पज्ञांच्या मसलतींत सामील होते. त्यामुळें कागदावर काढलेलें बांधतां येईल काय आणि केवढ्यास, हा विचार रेघेबरोबरच होई.

दुसरी इमारत सिडनीचें ऑपेरा हाउस. डेन्मार्कचे शिल्पज्ञ यॉर्न उत्झन यांचा आराखडा १९५७ सालीं स्पर्धेंतून निवडला गेला. अंदाज ३५ लाख पौंडांचा, म्हणजे पुढील दशमान चलनांत ७० लाख डॉलरांचा होता. काम जानेवारी १९६३ मध्यें संपावयाचें होतें. राज्यसरकारला घाई झाली आणि मार्च १९५९ मध्यें काम सुरूं झालें. शिडांसारखें तें छप्पर उभें कसें राहणार, हें गणित मात्र सुटलें नव्हतें. पुढें छपराचा भार निश्चित झाला, तेव्हां खालीं बांधून झालेले खांब अपुरे ठरले व ते पुन्हां बांधावे लागले. छपराचीं सर्व कवचें एकाच गोलाच्या पृष्ठभागांतून घ्यावीं, म्हणजे तेच सांचे पुनःपुन्हां वापरतां येतील, ही काटकसरीची युक्ति सुचली. पण काम सुरूं झाल्यावर! १९६६ सालीं सरकारशीं मतभेद होऊन उत्झन यांनीं काम सोडलें. १९७३ सालीं इमारत खुली झाली, तोंवर खर्च १० कोटि २० लाख डॉलरांवर गेला होता. आज ती जागतिक वारसा म्हणून मान्य आहे. पण तिच्या कर्त्यानें ती पूर्ण झालेली कधींच डोळ्यांनीं पाहिली नाहीं.

आपल्या चार खोल्यांच्या घरालाही हाच न्याय लागू आहे. कागदावरील खिडकी सरकविण्यास रबराचा एक तुकडा पुरतो. तीच खिडकी भिंत उठल्यावर सरकवावयाची तर पाडण्याची मजुरी, मातेरें वाहून नेणें, नवी वीट आणि गवंड्याचे जादा दिवस, असा चौपदरी खर्च येतो. म्हणून नकाशा पुरा होऊन प्रत्येक कामाचें मोजमाप व दर लिहून होईपर्यंत कुदळ मारूं नये. अंदाजांत अकल्पित खर्चासाठीं कांहीं रक्कम निराळी ठेवावी, आणि ती हौसेखातर मोडूं नये. मध्येंच बदल सुचला तर त्याची किंमत आधीं लेखी मागावी. पुष्कळ हौशी त्या कागदापुढें आपोआप शांत होतात.

शिल्पज्ञाला आपली ऐपत प्रथमच स्पष्ट सांगण्यांत संकोच कसला? खिशाची मर्यादा ठाऊक असलेला शिल्पज्ञच त्या मर्यादेंत सुंदर घर बसवूं शकतो.