इंजेक्शनाचं भूत

परवा दुपारी जरा टेकले होते, तर समोरच्या वहिनी सुनेला घेऊन आल्या. सुनेला बत्तिसावा आठवडा. सकाळपासून कळा येत होत्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळंतपण लवकर होईल असं दिसतंय, दाखल व्हा, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं द्यावी लागतील. आणि ही चक्क घरी निघून आली! "काकू, मोठ्याच्या वेळी घेतली होती ना. बघताय ना तो कसा झालाय ते."

मोठा सहा वर्षांचा. तोही असाच लवकर आलेला, दीड किलोचा, महिनाभर काचेच्या पेटीत. आता वर्गात एका जागी बसत नाही, जेवताना चारदा ताटावरून उठतो, पाहुणे आले की आईमागे लपतो. कुणीतरी हिच्या कानात घातलं, 'स्टिरॉइडचा परिणाम'. तेव्हापासून सही आपण केली म्हणून ही आतल्या आत कुढते आहे.

मी आर्ट्सची, डॉक्टर नाही. पण बायकांसोबत दवाखान्याच्या पायऱ्या झिजवताना हा प्रश्न आधीही ऐकला होता, म्हणून वाचलं होतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टिरॉइड दिलेलं एक अपुऱ्या दिवसांचं कोकरू जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं! त्यातून १९७२ साली आयांना हे इंजेक्शन देण्याचा अभ्यास छापून आला. ती बाळं तिशीची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासलं, तर इंजेक्शन मिळालेल्या आणि न मिळालेल्यांच्या बुद्धीत, मनःस्वास्थ्यात फरक नव्हता.

मग भीती आली कुठून? एक तर फिनलंडमधून. तिथल्या पावणेसात लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली आला. इंजेक्शन मिळालेल्या मुलांत मनाच्या आणि वागण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. पण नीट वाचलं तर, हा फरक इंजेक्शन घेऊनही पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांत होता. लवकर जन्मलेल्यांत तसा फरक उरला नाही. म्हणजे 'असू दे एक' म्हणून घ्यायचं हे इंजेक्शन नव्हेच.

दुसरी गोष्ट वेगळीच आहे, आणि आपली इथेच गल्लत होते. जन्मानंतर श्वासाच्या मशीनवरच्या बाळाला द्यायचं स्टिरॉइड निराळं प्रकरण. १९९०च्या दशकात ते मोठ्या मात्रेत, बरेच दिवस देत. त्यातल्या काही मुलांच्या हातापायांच्या हालचालींवर, बुद्धीवर परिणाम दिसला, आणि २००२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते सरसकट देऊ नका असं सांगितलं.

"मोठ्याची फाइल आहे का गं?" मी विचारलं. वहिनी पळत जाऊन घेऊन आल्या. साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली! (मैत्रिणींनो, हा कागद कधी टाकू नका.) त्यात आईच्या इंजेक्शनांचीच नोंद होती. बाळाला स्टिरॉइड दिलंच नव्हतं.

"मग तो असा का?" तिचा आवाज रडवेला झाला. अगं, लवकर जन्मणं हेच त्याचं एक कारण असू शकतं. अशा मुलांत चित्त न लागणं, बुजरेपण जास्त आढळतं, इंजेक्शन घेतलेलं असो वा नसो. त्यात तुझा काय दोष? भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यासही २०२० साली आला. चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपणाची शक्यता असलेल्या बायकांना ही इंजेक्शनं दिल्यावर, शंभर बाळांमागे दगावणारी बाळं तेवीस-चोवीसवरून एकोणीस-वीसवर आली. माझ्या डोळ्यांसमोर ती चार बाळं होती.

चार इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी. म्हणजे वेळ घालवून चालणार नव्हतं. रिक्षा बोलावली. वाटेत तिने एकच विचारलं, "मोठ्याला कुठे दाखवू?" सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांची तपासणी होते, ते सांगितलं.

पहिलं इंजेक्शन संध्याकाळी सहाला झालं. मोठा त्या रात्री माझ्याकडेच होता. ताटावरून पाच वेळा उठला, पण पोळ्या तीन खाल्ल्या.