दिवाळीची पहाट मी डेटातून पुसली होती: तमिळ पंचांग आणि सणांचा कॉलम

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात मी एक चूक केली. ती वेळेत सापडली नसती तर आज माझ्या पोस्टरवर दिमाखात छापलेली असती. तुमच्यापैकी ज्यांना रोजच्या नोंदींचा डेटा हाताळायचा आहे (हवा, पाणी, वीज, वाहतूक, दवाखान्यातले रुग्ण, काहीही), त्यांच्यासाठी ती इथे सविस्तर सांगते.

आमचे हवेतले सूक्ष्म कण मोजणारे मापक तमिळनाडूतल्या एका शहरात होते. दर तासाची नोंद. सणांच्या दिवशी हवा वेगळी वागते, म्हणून मी डेटात 'सण' नावाचा कॉलम केला: सण असेल तर 1, नसेल तर 0. तारखा कुठून घेतल्या? घरच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवरून. दिवाळी म्हणजे लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, असं मी गृहीत धरलं. मग डेटात लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पहाटे एक उंच सुळका दिसला. संध्याकाळ नाही, सणाच्या कॉलममध्ये 0, म्हणजे मापक बिघडला असणार. 'आउटलायर' म्हणून मी ते तास काढून टाकले. तीन वर्षांचे.

लॅबमधल्या तमिळ मैत्रिणीने आलेख पाहिला आणि शांतपणे विचारलं, "दिवाळी कुठे गेली?"

तमिळनाडूत दीपावली म्हणजे मुख्यतः नरक चतुर्दशी. ऐप्पसी महिन्यातल्या कृष्ण चतुर्दशीला पहाटे तेल लावून आंघोळ, नवे कपडे आणि लगेच फटाके. गंमत म्हणजे आपल्याकडेही त्याच पहाटे अभ्यंगस्नान असतं, कारीट फोडतात, पोरं फटाके उडवतात. मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण डेटासमोर बसल्यावर माणूस आपलं बालपण विसरतो आणि कॅलेंडरवरच्या ठळक चौकोनावर विश्वास ठेवतो. हा फरक न्यायालयापर्यंत गेलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवली, तेव्हा तमिळनाडूने पहाटेच्या प्रथेचा मुद्दा मांडला. दोन तासांची मर्यादा कायम राहिली, पण ते दोन तास कधीचे हे ठरवण्याची मुभा मिळाली. राज्याने सकाळी 6 ते 7 आणि संध्याकाळी 7 ते 8 अशी वेळ दिली. तासावार डेटा असेल तर हे लक्षात ठेवाच.

मग मी ठरवलं की तारखा उतरवून घ्यायच्या नाहीत, तारखा ठरतात कशा ते समजून घ्यायचं. आपले मराठी महिने चांद्र आहेत, अमावास्येला संपणारे, आणि सूर्याशी मेळ राहावा म्हणून मधूनमधून अधिक मास येतो. तमिळ महिने सौर आहेत. सूर्य मेष राशीत शिरला की चित्तिरै, वृषभेत वैकासी, असं करत मीन राशीत पंगुनी. त्यामुळे अधिक मासाची गरजच नाही. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि सूर्य आकाशात सावकाश सरकताना दिसतो, म्हणून आनी महिना 31 किंवा 32 दिवसांचा होतो. जानेवारीच्या सुरुवातीला याच्या उलट, म्हणून मार्गळी 29 किंवा 30 दिवसांचा. केप्लरचा दुसरा नियम भिंतीवर टांगलेला असतो, आपण पाहत नाही इतकंच.

पण संक्रांत दिवसाच्या कोणत्याही क्षणी होऊ शकते. मग महिन्याचा पहिला दिवस कोणता? तमिळ नियम असा: संक्रांत सूर्यास्तापूर्वी झाली तर तोच दिवस पहिला, नंतर झाली तर दुसरा दिवस. 2023 मध्ये मकर संक्रांत 14 जानेवारीला रात्री झाली, म्हणून तै महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे पोंगल, 15 ला. 2025 मध्ये ती 14 ला सकाळी झाली, पोंगलही 14 लाच. केरळात महिना सुरू करण्याचे नियम वेगळे. 2022 मध्ये तमिळ नववर्ष पुत्तांडु 14 एप्रिलला होतं आणि केरळचं विषु 15 ला, कारण विषुसाठी सूर्योदयाला सूर्य मेषेत असावा लागतो. सूर्य एकच, तरी सुट्टी दोन दिवशी. दोन राज्यांचा डेटा एकत्र करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

आता खरा गुंता. सगळे सण एकाच पद्धतीने ठरत नाहीत. काही निव्वळ सौर आहेत: पोंगल, पुत्तांडु, किंवा आडी महिन्याच्या 18 व्या दिवशी कावेरीच्या काठी होणारा आडिप्पेरुक्कु, जो ऑगस्टच्या अगदी सुरुवातीलाच येतो. असे सण दरवर्षी जवळपास त्याच तारखेला, म्हणून मॉडेलला ऋतूचा परिणाम कोणता आणि सणाचा कोणता, हे वेगळं करता येत नाही. काही सण नक्षत्रावर ठरतात: तै महिन्यात पूसम (आपलं पुष्य), पंगुनीत उत्तिरम, वैकासीत विसाकम, कार्तिगै महिन्यात कृत्तिका, म्हणजे तिरुवण्णामलैच्या डोंगरावरचा दीप. चंद्र 27.3 दिवसांत पुन्हा त्याच नक्षत्रात येतो आणि सौर महिना त्याहून मोठा, म्हणून एखादं नक्षत्र महिन्यात दोनदा येऊ शकतं. साधं गणित करून बघा: 31.6 दिवसांच्या आनीत ही शक्यता सुमारे 16 टक्के, 29.3 दिवसांच्या मार्गळीत सुमारे 7. अशा वेळी सहसा पौर्णिमेजवळचा दिवस धरतात, पण तुमच्या कोडला ते कुणीतरी सांगावं लागतं. माझा कोड पहिलं सापडलेलं नक्षत्र उचलत होता.

उरलेले सण आणि बहुतेक उपवास तिथीवर. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढायला लागणारा वेळ, सुमारे 19 ते 26 तास. ती मध्यरात्री सुरू होत नाही, त्यामुळे दिवसाच्या कोणत्या क्षणी ती असायला हवी हे व्रतागणिक बदलतं. एकादशी मुख्यतः सूर्योदयाला पाहतात. प्रदोषाला त्रयोदशी सूर्यास्ताच्या वेळी हवी. संकटहर चतुर्थीला चंद्रोदय महत्त्वाचा. संकष्टी करणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, ताट वाढून गच्चीवर चंद्राची वाट पाहिलेली असते.

मला सगळ्यात जास्त छळलं ते वैकुंठ एकादशीने. मार्गळीतली शुक्ल एकादशी, श्रीरंगमला त्या दिवशी प्रचंड गर्दी. मार्गळी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतो, म्हणजे इंग्रजी वर्षाच्या सांध्यावर. परिणाम बघा: 2023 मध्ये ती दोनदा आली, 2 जानेवारी आणि 23 डिसेंबर. 2024 मध्ये एकदाही नाही. 2025 मध्ये पुन्हा दोनदा, 10 जानेवारी आणि 30 डिसेंबर. आता कुणी वर्षवार स्तंभालेख काढला तर 2024 मध्ये भक्ती आटली असं दिसेल! हसू नका, मी तसा आलेख काढलेला आहे आणि त्याखाली कारणमीमांसाही लिहिली होती.

यावर आणखी एक थर आहे. तमिळनाडूत दोन प्रकारची पंचांगं चालतात. तिरुकणितम हे आधुनिक खगोलीय स्थानांवर आधारलेलं. वाक्य पंचांग जुन्या पाठ्यवाक्यांवर, ज्यात अक्षरांमध्ये आकडे गुंफलेले असतात. चंद्रासाठी अशी 248 वाक्यं आहेत. 248 च का? चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून निघून पुन्हा तिथे यायला 27.55 दिवस घेतो. त्याला 9 ने गुणा. हे गणित हाताने केलं तेव्हा मी खरोखर खुर्चीतून उठले. मात्र दोन्ही पंचांगांच्या तिथींमध्ये काही तासांचा फरक पडू शकतो आणि तेवढ्यात उपवासाचा दिवस बदलतो. कोणतं बरोबर हा प्रश्न तुमच्या थिसिसचा नाही. ज्या देवळाजवळ मापक आहे ते देऊळ कोणतं पाळतं, हा आहे.

म्हणून आता माझ्या फाईलमध्ये एका कॉलमऐवजी पाच आहेत: नियमाचा प्रकार, पंचांग, तारीख, सुरुवातीचा तास, आणि लोक त्या दिवशी नेमकं करतात काय. शेवटचा कॉलम मैत्रिणीच्या आईला फोनवर विचारून भरला. गाईडना तो 'अनौपचारिक' वाटला, पण मॉडेलमध्ये सगळ्यात उपयोगी तोच पडला.

काढून टाकलेले तास परत घातले आहेत. सध्या भोगीवर काम चाललंय. आपल्याकडे भोगी म्हणजे तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी. तिकडे मार्गळीच्या शेवटच्या दिवशी पहाटे घरातलं जुनं सामान जाळतात; 2018 मध्ये या धुराने चेन्नईची विमानं अडली होती. आणि भोगीची तारीख पोंगलच्या आदल्या दिवशी, म्हणजे ती 13 की 14 जानेवारी, हेही संक्रांत सूर्यास्ताआधी झाली की नंतर यावरच. भिंतीवरचं कॅलेंडर मी लॅबमधून घरी नेऊन ठेवलं आहे.