दहावा माणूस : बेने इस्राएल समाज आणि दर शनिवारचे वाचन

भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या राजूरमध्ये बसून मी कोकणातल्या ज्यूंचा अभ्यास करतो, असे सांगितले की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तुम्हाला हे कुठून सुचलं?" माझ्याकडे ना पदवी, ना मार्गदर्शक. एसटीने जाऊन ग्रंथालये पालथी घालायची आणि वहीत उतरवून घ्यायचे, एवढीच माझी पद्धत. पण या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या गावातच सापडले. सप्ताहात दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण होते. वाचक ओळीने बसून एका सुरात ओव्या वाचतात. अर्थ मात्र रात्री कीर्तनात उलगडतो. पुढे एका जुन्या पुस्तकात वाचले, की कोकणातले ज्यू धर्मग्रंथ हिब्रूत वाचत आणि त्यातल्या कथा मराठी कीर्तनातून ऐकत. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला, तो लागलाच.

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. हे लोक किनाऱ्यावरच्या गावांत पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. त्या त्या गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर अशी आडनावे आली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे, देव एकच आहे असे सांगणारी 'शमा' ही प्रार्थना आणि शनिवारचा विसावा एवढे त्यांच्याजवळ उरले. डेव्हिड राहाबी नावाच्या परदेशी ज्यूने पुढे त्यांना ओळखले, ते स्वयंपाकासाठी निवडलेल्या माशांवरून, असेही परंपरा सांगते. म्हणजे ग्रंथ हाती नसतानाही या समाजाने पिढ्यानपिढ्या वार सांभाळला.

ग्रंथ परत आला तो हळूहळू. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत 'शआर हारहमीम' हे सिनेगॉग बांधले. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. अलिबागला १८४८ मध्ये आणि पनवेलला १८४९ मध्ये सिनेगॉगे उभी राहिली. कोचीनहून आलेल्या ज्यू गुरूंनी हिब्रू प्रार्थनांचे पाठ शिकवले. दर शनिवारी तोरा वाचण्याची रीत कोकणात रुजली, ती अशी.

ही रीत वाचकांना थोडी समजावून सांगतो. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. मराठी बायबलमध्ये त्यांची नावे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत. सिनेगॉगमध्ये वाचायची तोरा छापील चालत नाही. चर्मपत्राच्या गुंडाळीवर ती हाताने लिहितात. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि काना-मात्रांसारख्या स्वरखुणा एकही नसतात. उच्चार आणि चाल वाचणाऱ्याला पाठ असावी लागते. ओळीवर बोट ठेवायचे नाही, म्हणून टोकाला बोटाचा आकार असलेली चांदीची कांडी वापरतात. वाचणारा चुकला तर ऐकणारे तिथल्या तिथे दुरुस्त करतात.

या पाच पुस्तकांचे ५४ भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भागाला 'पाराशा' म्हणतात. दर शनिवारी एक पाराशा, काही आठवड्यांत दोन, अशा हिशेबाने वर्षात तोरा पुरी होते. 'सिम्हत तोरा' या सणाला, अनेक वर्षी आपल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, शेवटचा भाग वाचतात आणि लगेच उत्पत्तीचा पहिला भाग सुरू करतात. त्या शनिवारी जगभरातल्या बहुतेक सिनेगॉगांत तोच भाग चालू असतो. आठवडाभर त्याच भागावर विचार करायचा, घरी बोलायचे, हाही या रीतीचाच भाग आहे.

पण हिब्रू उच्चारता आले म्हणजे समजले, असे नाही. घरची भाषा मराठी होती आणि अर्थ लागायचा तो मराठीतच. इथे मिशनऱ्यांचाही हात लागला. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठी वाचकांसाठी हिब्रूचे व्याकरण छापले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, काहीजण तिथे शिक्षकही झाले. हेच मिशन १८३१ पासून आमच्या नगरमध्येही होते. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. या समाजाने भाषेची हत्यारे घेतली आणि आपला धर्म अधिक घट्ट धरला. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हगादा' हिब्रू आणि मराठीत शिळाप्रेसवर छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. आडनाव पाहून ते आपल्याच राजूरकडचे असावेत, अशा समजुतीत मी काही दिवस खुशीत होतो. मग ध्यानात आले, की ही आडनावे कोकणातल्या गावांची.

१८८० मध्ये मुंबईत बेने इस्राएलांनी कीर्तन सुरू केले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले पहिले नाव. साकी, दिंडी, ओवी हे सगळे आपलेच. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. शनिवारी हिब्रूत कानावरून गेलेली कथा अशी मराठीत मनात उतरू लागली.

हे सारे मी पुस्तकांतून जमवले होते. प्रत्यक्ष वाचन ऐकायचे म्हणून एका वर्षी दिवाळी होऊन तीनेक आठवडे झाल्यावर कोकणातल्या एका सिनेगॉगमध्ये परवानगी काढून गेलो. शनिवारी लिहायचे नाही, असे आदल्या दिवशीच सांगितले होते, म्हणून वही मुक्कामाच्या खोलीवर ठेवली. डोक्यावर टोपी घालून मागच्या बाकावर बसलो. सकाळची प्रार्थना सुरू झाली. वाचनाची वेळ आली आणि सगळे थांबले.

पुरुष नऊ होते. तोरा काढायला दहा लागतात. या दहांच्या मंडळीला 'मिन्यान' म्हणतात. एकजण शेजारच्या आळीत पायी बघून आला. ज्यांच्या भरवशावर होते ते मुलाकडे ठाण्याला गेले होते. मी दहावा तिथेच बसलो होतो, पण माझी मोजणी होऊ शकत नव्हती. कोणी तसे बोलले नाही. मला मात्र फार अवघडल्यासारखे झाले.

हेखालचा, म्हणजे गुंडाळ्या ठेवतात त्या कपाटाचा, पडदा तसाच राहिला. ऐंशीच्या आसपासच्या एका काकांनी छापील पुस्तक उघडले आणि त्या आठवड्याची पाराशा मराठीत सांगायला घेतली. पाराशा होती 'वायेरा'. तिच्यात देव सदोम शहराचा नाश करायला निघतो आणि अब्राहाम घासाघीस करतो. पन्नास भली माणसे सापडली तर? पंचेचाळीस? चाळीस? करत करत तो दहावर येतो आणि थांबतो.

"नवावर का नाही आला?" काकांनी विचारले. थोडे हसू उमटले. मग तेच म्हणाले, "दहाच्या खाली माणसं उरतात रे, मंडळी उरत नाही."

दहाचा शास्त्राधार दुसरीकडचा आहे, हे मी परत आल्यावर वाचले. मोशेने वचनदत्त देश पाहायला बारा हेर पाठवले. दोघे सोडून बाकीच्या दहांनी लोकांना घाबरवणारी बातमी आणली. त्या दहांना तोरामध्ये 'मंडळी' हा शब्द आला आहे आणि तालमुदाने त्यावरून दहाची संख्या ठरवली. म्हणजे ते दहाजण शहाणे असावेत, भले असावेत, अशी अट नाही. ते एका जागी हजर असावेत, एवढेच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तोवर मी समजत होतो, की ग्रंथ समाजाला एकत्र ठेवतो. इथे ग्रंथ उघडायलाच समाज लागत होता.

आणि तो समाज पांगला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते. त्यातले बहुतेक इस्राएलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, तुमचे ज्यूपण विवाहासाठी ग्राह्य धरायचे की नाही, असा वाद धर्मगुरूंनी घातला. आंदोलने झाली. १९६४ मध्ये हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, असे सरकारने स्पष्ट केले. तिथेही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे नियतकालिक काढले. इकडे मात्र चार-पाच हजारांच्या आसपासच माणसे उरली. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदाची सोय झाली, पण दहावा माणूस काही सरकारला आणून देता येत नाही.

त्या शनिवारी पाराशेनंतर संदेष्ट्यांच्या पुस्तकातला जोडभागही काकांनी सांगितला. एका कर्जबाजारी विधवेच्या घरी तेलाचा एकच बुधला असतो. संदेष्टा अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणायला सांगतो. भांडी आहेत तोवर तेल वाहत राहते. भांडी संपतात आणि तेल थांबते. "आपण तेली," काका म्हणाले, "आपल्याला हे वेगळं सांगायला नको."

निघताना त्यांनी आजोबांची कीर्तनाची वही दाखवली. मोडीमिश्रित अक्षर, कडा कुरतडलेल्या. घरात आता ती वाचणारे कोणी नाही. अशा वह्या ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, आधी एखाद्या जाणत्या ग्रंथपालाला दाखवाव्यात, एवढी माझी या लेखातून विनंती आहे.

परत आल्यावर आमच्या सप्ताहाची तयारी सुरू झाली होती. पारायणाला बसणाऱ्यांची यादी दरवर्षी आखूड होते, हे मी बरीच वर्षे वहीत टिपत आलो आहे. मी स्वतः मात्र कधी वाचायला बसलो नव्हतो, खांबाला टेकून नोंदीच करत होतो. या वेळी यादी घेऊन आलेल्या मुलाला म्हटले, माझेही नाव घाल.